नव्या डब्याची पहिली पट्टी

३ जून, सोमवार

नवा डबा फोडला. आमच्या प्रयोगशाळेचा रिवाजच आहे — एचआयव्हीच्या पट्ट्यांचा नवा डबा आला की पहिली पट्टी माझ्याच बोटाच्या रक्तावर लावून बघायची. एक रेघ म्हणजे लागण नाही, दोन म्हणजे आहे. माझी आपली कायम एकच. गेल्या डब्यालाही एकच होती.

आज दोन!

डॉक्टर हसत सुटले. "डबा उन्हात राहिला असणार." झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पट्टीनेही घेतलाय तुमचा धसका!" डबा बाद. दिवसभर मीही हसत होते.

४ जून, मंगळवार

तपासणी बंद. एक पोटुशी बाई पुन्हा हेलपाटा पडला म्हणून माझ्यावर उखडली. बरोबरच आहे तिचं.

५ जून, बुधवार

दुसरा डबा. परत दोन रेघा. अख्खा मालच भिकार! पुरवठादाराला फोनवर असा झापला की मावशी दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. एरवी माझ्या कामावरच्या गमतींना पोट धरून हसतो. आज एवढंच विचारलं, "रक्त कोणाचं होतं?"

"माझंच की!"

अर्ध्या जेवणातून उठला. भाजी खारट झाली होती का? मला तरी नाही वाटली.

६ जून, गुरुवार

चिमीला दात येतोय. पाजताना कडाडून चावली. रक्त आलं. कार्टी!

७ जून, शुक्रवार

डबे परत पाठवणार, तेवढ्यात समुपदेशनाच्या ताई म्हणाल्या, "थांब गं, माझं बोट घे." एक रेघ. स्पष्ट. त्याच डब्यातून परत माझी — दोन. दुसऱ्या कंपनीची पट्टी — दोन.

कोणी हसलं नाही. ताईंनी दार लोटलं. "हे बघ, आता चांगली औषधं आहेत..." त्यांची ही वाक्यं मी रोज दाराआडून ऐकते, तोंडपाठ आहेत. आज एकही डोक्यात शिरलं नाही. डोक्यात फक्त चिमी. अजून अंगावर पिते माझी पोर! तिच्या वयाला ही पट्टी चालत नाही. तिचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलंय. वाट बघायची.

कधीतरी कामावर सुई टोचली असणार. घाईघाईत, हातमोजा न घालता. मग आठवत कसं नाही? मूर्ख बाई! मूर्ख!

८ जून, शनिवार

सकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. रडले. पाय धरायचेच बाकी ठेवले — माझ्या हलगर्जीपणामुळे तुलाही झालं असेल, चिमीलाही, मला माफ कर रे!

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "सुई-बिई काही नाही. चिमी पोटात होती, तेव्हाच मी माझं रक्त तपासून घेतलं होतं. दुसरीकडे."