साक्रीपर्यंत

धुळे, १२ जानेवारी २०२५

चि. तौफिक,

सलाम आणि दुवा.

थंडी कडक आहे. हुमा जळगावहून माहेरी येऊन गेली. नळाला पाणी उशिराने येतं, पण एका माणसाला पुरतं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

शेजारचे देवचंदभाऊ नवा फोन घेऊन आले होते. नकाशावरचा निळा ठिपका दाखवून विचारलं, “चाचा, तुमच्या जहाजावर हे होतं का?”

मी सांगितलं, उपग्रह होते, पण मोजके. एखादा डोक्यावरून जायचा. जवळ येताना त्याच्या संदेशाचा सूर चढा, लांब जाताना उतरता. त्या फरकावरून यंत्र जहाजाची जागा काढायचं. मग पुढचा उपग्रह येईपर्यंत काही नाही. वेग आणि दिशा धरून नकाशावर पेन्सिलीने अंदाज मांडायचा. तेवढंही खूप होतं. त्याआधी आभाळ भरलं की तारे दिसायचे नाहीत आणि जहाज नक्की कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसायचं.

यंत्राला आपला वेग आपणच सांगावा लागे. एकदा बंदराबाहेर नांगर टाकून उभे होतो आणि मी चालत्या जहाजाचा वेग तसाच ठेवला. यंत्राने आम्हाला जमिनीवर नेऊन ठेवलं. कॅप्टन म्हणाला, “नूर महंमद, आता बैलगाडी मागव.”

हा किस्सा तू लहानपणी पुन्हा पुन्हा सांगायला लावायचास. अम्मीला दफन करून परतताना तू म्हणालास, “अब्बा, जहाज कुठे आहे ते तुम्हाला कळायचं. आम्ही कुठे आहोत, ते कधी विचारलंत?” त्यानंतर तू घरी आला नाहीस.

अम्मी दवाखान्यात असताना हुमाने तुझ्याकडून फोनवर काहीतरी करून घेतलं होतं. तू कुठवर आलास ते माझ्या फोनवर दिसावं म्हणून. तू सुरतहून निघालास. मी अम्मीच्या उशाशी बसून सांगत होतो. नवापूर आलं. साक्री आली. साक्रीला तिने मान हलवली. कुसुंबा आलं, तेव्हा ती नव्हती.

तू येतो आहेस हे तिला कळलं होतं. हे तुला सांगायचं राहिलं.

दुसरंही एक आहे. तुझ्या फोनवरचं ते अजून बंद झालेलं नाही.

रोज सकाळी मी फोन उघडतो. तू सुरतेत असतोस. एवढं पाहतो आणि फोन ठेवून देतो.

गेल्या रविवारी तू सासुरवाडीला, शिरपूरला जाताना धुळ्यात थांबलास. ठिपका आपल्या गल्लीच्या तोंडाशी, बेकरीजवळ, बराच वेळ होता. मी दोघांचा चहा टाकला. दार उघडलं, पण बाहेर आलो नाही. आलो असतो तर मी बघत असतो हे तुला कळलं असतं. मग ठिपका शिरपूरच्या रस्त्याला लागला.

बेकरीपर्यंत का आलास, हे विचारत नाही. नानखटाई घ्यायलाही माणूस थांबतो.

पण तुला न सांगता बघत राहणं आता जमत नाही. हे वाचून तू ते बंद करशील, असं धरूनच लिहितो आहे. हुमा म्हणते, ते तुझ्याच फोनवरून बंद होतं.

केलंस तर मला कळेल.

केलं नाहीस, तरी कळेल.

तुझा
अब्बा