अक्काच्या नाण्यावरच्या मिशा

ती. अक्का,

धाकट्या दिगूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी सगळ्यांची खुशाली कळू दे. आईचे गुडघे कसे आहेत? तिकडे जिने नसतील तर बरं. दादांचा खोकला? तंबाखू मिळत नसेल तर थांबला असेल. आणि आमची ही काय म्हणते? तिला सांग, रक्तदाबाची गोळी मी रोज घेतो, सून समोर उभी राहून घ्यायला लावते. तू कशी आहेस? चष्म्याच्या काडीला दोरा कोण गुंडाळून देतं आता?

इकडे सर्व ठीक, असं लिहायला बसलो होतो. पण तुझ्यापुढे माझं खोटं कधी टिकलं? आज सकाळी मी तुझा चेहरा माझ्याच हातानं कानशीनं घासून टाकला. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

अगं, तुझं नाणं काढायचं ठरलं! बाजारात चालणारं नव्हे, चांदीचं, आठवणीचं. तू गेल्यावर देवासच्या आपल्या मराठी मंडळींना एकदम आठवलं, की मुलींचं वसतिगृह चालवणारी एक बाई आपल्यात होती. पीपलरावां गावच्या, नेमावरच्या, पार धार जिल्ह्यातल्या डहीच्या मुली तुझ्याकडे राहून शिकल्या, नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. मग समिती झाली. समितीचे नाना माझ्या दुकानाची पायरी चढून आले. "दिगूभिया, अक्कांचा चेहरा तुमच्याशिवाय कोण कोरणार? ये तो आपही का काम है!"

मी विरघळलो. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरता कोरता अक्षरं शिकलो, आणि देवघरातले चांदीचे टाक घडवण्यात जन्म गेला. मला कुणी इतक्या मानानं कधी विचारलं होतं?

नाण्याचा ठसा उलटा कोरावा लागतो. तुझ्या डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे घ्यायचा, चांदीवर तो आपोआप जागेवर येतो. दोन महिने भिंग लावून मी त्या उलट्या अक्काशी गप्पा मारल्या. चष्म्याच्या काडीवरचा दोरासुद्धा कोरला, बघ!

"मागच्या बाजूला काय घेणार?" मी एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले, "दिवा-बिवा घेऊ हो, कुछ भी अच्छा डिझाइन." मी पुढे विचारलं नाही. इथेच चुकलं माझं. मला तुझ्या चेहऱ्यापलीकडे काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगू, येत्या रविवारी नाणं वाटायच्या कार्यक्रमात स्टेजवर मिळणारी शालही दिसत होती.

इंदूरच्या कारखान्यातून दहा-बारा नमुने आले, ते समितीच्या घरोघरी वाटले. मला म्हणाले, तुम्हाला कार्यक्रमातच देऊ, थाटात. हनुवटीजवळ जरा उजळ करा म्हणून तुझ्या बाजूचा ठसा तेवढा माझ्याकडे परत आला. एक हजार नाणी त्यानंतर पाडायची होती.

मधे धारला काकूला भेटायला गेलो. नव्वदी पार केली तिनं, डोळ्यांना आता माणसाची नुसती सावली दिसते. तिचा नातू समितीत आहे. मी गेलो तेव्हा काकू देवपूजेला बसली होती. आपल्या लोकांची सवय तुला ठाऊकच आहे, चांदीवर चेहरा उठवलेला दिसला की तो देवघरात गेला! कुलदेवीच्या टाकाशेजारी, तांदळाच्या रांगोळीवर, नाणं मांडलेलं. हळद, कुंकू, गंध, सगळं.

"ये रे दिगू, अक्काला नमस्कार कर," काकू म्हणाली. "छान केलीस हो. बोट फिरवलं की हाताला लागते."

मी वाकलो आणि तसाच राहिलो. "काकू, हिला मिशा आहेत."

"मेल्या, बहिणीची थट्टा करतोस?"

"अहो काकाजी, आजी रोज इनको नहलाती हैं," नातसून पदर तोंडाला लावून हसत होती. "मी सांगितलं, आजी, ये तो दूसरा बाजू है. त्या म्हणतात, ज्याचं तोंड मोठं ते वर ठेवायचं."

खरंच होतं. त्याचं तोंड तुझ्यापेक्षा मोठं होतं. मिशांवर गंध, कपाळावर कुंकू, आणि खाली कोरलेलं 'प्रेरणास्थान'. अक्का, कोण असेल? नाव लिहीत नाही, पत्राला वास लागेल. ज्यानं वसतिगृहाच्या जागी दुकानं काढण्यासाठी मुलींच्या पत्र्याच्या पेट्या भर दुपारी रस्त्यावर फेकवल्या, तोच. आता मोठा नेता आहे, समितीचा संरक्षक आहे. तुझ्या पाठीला पाठ लावून बसवलाय त्याला!

मला शिसारी आली. काकूनं दिलेलं तीर्थ मी ताम्हनात ओतलं. तिला मी सांगितलं तेव्हा तिनं बोटं पदराला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, आणि म्हणाली, "आठ दिवस मी ह्याला दूध घातलं रे."

देवासला येऊन नानांना गाठलं. त्यांना लाज वाटेल अशी माझी भाबडी समजूत! म्हणाले, "भिया, उनके बिना हॉल नहीं मिलता, चांदी नहीं मिलती. आणि अक्का मोठ्या मनाच्या. त्यांनी तर त्या दिवशी साहेबांना पाणी पाजलं होतं."

बघितलंस? तुझा तांब्याभर पाण्याचा चांगुलपणा त्यांनी कसा वापरला! रागावू नको, पण ते पाणी तू द्यायला नको होतंस. उन्हात पेटीवर बसलेली तू, घसा तुझा कोरडा, आणि त्याच्या हातात तांब्या दिलास; संध्याकाळी मी चिडलो तर म्हणालीस, "जाऊ दे रे, तोही उन्हातून आला होता." तो पाणी प्यायला आणि कुलूप लावून गेला. वसतिगृह तुला मरेपर्यंत परत मिळालं नाही.

"नाना," मी म्हटलं, "तिनं पाणी दिलं, पाठ दिली नव्हती."

"अब नमूना छप गया ना भिया! इतना क्या दिल पे लेना?"

मी घरी आलो. ठसा समोर ठेवला. कानस घेतली. डोळ्यांपासून सुरुवात करवेना म्हणून पदरापासून केली. मग केस, मग कान. शेवटी तुझी नजर राहिली, तेव्हा मी भिंग काढून ठेवलं आणि न बघता घासलं. पोलादाचा कीस मांडीवर पडत होता. तुला चितेवर ठेवतानाही मी इतका रडलो नव्हतो.

कारखान्यासाठी ठसा न्यायला आलेल्या पोराला मी तो तसाच दिला, आणि नानांचा फोन आला. "ठसा बिगाड दिया आपने?"

"बिघडवला नाही. बहिणीला सोडवून आणली."

ते फोटोवरून, कंप्युटरवर दुसरा ठसा करून घेतील, हे मला समजतं. करोत. त्यांचे हात मी धरू शकत नाही. माझ्या हातचा चेहरा मात्र त्या माणसाच्या पाठीला लागणार नाही.

पण अक्का, एवढ्यानं माझी सुटका होत नाही. ज्या दुपारी पेट्या रस्त्यावर पडल्या, त्या दुपारी मी कुठे होतो, हे तू मला जन्मात विचारलं नाहीस. का नाही विचारलंस गं? विचारायला हवं होतंस! मी चार दुकानं पलीकडे होतो. आवाज ऐकू येत होता. डहीची एक मुलगी "अक्का, अक्का" करून रडत होती. माझ्या दुकानाची जागा नगरपालिकेची होती आणि तो नगरपालिकेत होता. मी कुणाच्या तरी घरच्या खंडोबाचा टाक घासत बसलो. खूप चकचकीत झाला तो त्या दिवशी.

त्या माणसाची किळस येते, पण आज कानस खाली ठेवली तेव्हा तीच किळस माझ्या हातांची आली.

म्हणून तुला वचन देतो. रविवारी मी त्या हॉलमध्ये जाणार. स्टेजवरचं माझं नाव काढलं असेल तर खालून उभा राहीन. माइक नसेल तर बाजारातला आवाज आहेच. पेट्या कुणी फेकल्या ते त्याच्यासमोर, त्याच्या माणसांसमोर सांगेन. आणि तिचा सख्खा भाऊ चार दुकानं पलीकडे बसून होता, बाहेर आला नाही, हेही त्याच दमात सांगेन. हार कुणाला घालायचा ते मग लोकांनी ठरवावं.

उत्तर लवकर धाड. सगळ्यांची खुशाली तर उलट टपाली कळव. फक्त 'जाऊ दे रे दिगू' असं लिहिणार असलीस, तर तेवढं पत्र सोमवारी टाक.

तुझा धाकटा,
दिगू
देवास