गल्लीभर साखरबंदी

बाळ,

नोकरीसाठी परगावी जाताना तू सगळी गल्ली फितवून गेलीस, हे आज कळलं. सकाळी चहावाल्याने बिनसाखरेचा कप पुढे सरकवला. बेकरीवाल्याकडे केक मागितला, तर त्याने टोस्ट हातावर ठेवला. रसवाला म्हणाला, "काका, ताईंना शब्द दिलाय." तळपायाची आग मस्तकात गेली!

शेवटी कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात शिरलो. तुला न ओळखणारा तो हॉटेलवाला एकटाच. त्याने कॉफीत न विचारता दोन चमचे साखर घातली. पहिल्याच घोटाला उगाच पोरकं वाटलं. कप तसाच ठेवला आणि त्यालाही बजावून आलो, "मला साखर द्यायची नाही. मुलीची ताकीद आहे."

हे पत्र मात्र टाकणार नाही. शेफारशील.

तुझा हट्टी
बाबा