ताकाच्या गाडग्यावरची पाटी

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तरी हे पत्र होतंय, कारण मधे नात बसली आहे. मी बोलते, ती वहीत उतरवते. पान भरलं की मी तिला वाचून दाखव म्हणते, कारण माझ्या 'लई'चं ती गुपचूप 'खूप' करते आणि मग मी कुणी दुसरीच शहाणी बाई वाटायला लागते. तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली, हिला तू पाहिलं नाहीस. ही माझ्या लेकाची एकुलती लेक. आम्ही आता नांदेडात असतो, लेक शाळेवर मास्तर आहे. पोरगी दोन वर्षं लातूरला होस्टेलात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची शिकवणी करून आली, दोनदा परीक्षा दिली, दोनदा मार्क कमी पडले. शेवटी आपल्या मनानं इथल्या कॉलेजात समुपदेशन शिकायला लागली. हा शब्द म्हणायचा तर मला आधी कवळी घट्ट बसवावी लागते.

मला वाटलं, लोकांना चार गोष्टी सांगायचं काम असेल, ते तर आपल्या रक्तातच आहे. तू चुलीपुढं बसून अख्ख्या गल्लीला सांगायचीस. कुणी नवऱ्याशी कसं बोलावं, कुणी म्हैस विकून टाकावी. शेजारीण रडत आली की तिचं रडणं निम्म्यावर असतानाच तुझा निकाल तयार. हिच्या कॉलेजात नेमकी त्यालाच बंदी. समोरच्याचं ऐकायचं, त्याचंच त्याला परत म्हणून दाखवायचं, सल्ला द्यायचा नाही आणि 'का' असं विचारायचं नाही. म्हणजे इतकी वर्षं शिकायचं काय, तर गप बसायला. पण मी गल्लीत आधीच सांगून बसले होते की नात मनाची डॉक्टर होऊन राहिली, तर एक बाई गुडघे घेऊन आली. पोरीनं अर्धा तास तिचं ऐकलं. जाताना बाई मला म्हणाली, "गुडघा हाय तसाच हाय, पर पोरगी गुणाची हाय बघा."

दोन आठवड्यांमागं एका रविवारी जेवताना लेकानं पुन्हा लातूरचं काढलं. हे कॉलेज सोडायचं, शनिवारपर्यंत शिकवणीत नाव घालायचं, तिसऱ्यांदा बसायचं. पोरगी भरल्या ताटावरून उठली. लेक माझ्या मागं स्वयंपाकघरात आला. "आई, तिला तुझ्या शाळेची गोष्ट सांग ना. तुझं ती ऐकते."

ती गोष्ट तुझ्याबद्दल आहे माय, पण तुला माहीत नाही. माझ्या मायनं मला शाळेतनं काढून शेणापाण्याला लावलं, म्हणून मी अक्षराला आंधळी राहिले, तू तरी शिक बाई, अशी ती गोष्ट. पोरगी लातूरहून फोनवर रडायची, "आजी, मला न्या इथून," तेव्हा मी हीच सांगायचे. ती नाक ओढायची आणि पुन्हा पुस्तकाला बसायची. दोन वर्षं चालली. लई कामाची गोष्ट होती.

सोमवारी पोरगी म्हणाली, "आजी, कॉलेजात माझी तोंडी परीक्षा आहे, तिथं मैत्रिणीचं ऐकायचंय. सरावाला तुझं ऐकते. वीस मिनिटं. पण खरं काहीतरी सांग." खुर्च्या समोरासमोर नकोत, जराशा तिरक्या, असा त्यांचा नियम.

"इथलं इथंच राहील, आजी."

"आन् तुझ्या बापानं इचारलं तर?"

"तरी नाही."

मी म्हणले, कंबर दुखते. "कंबर दुखतेय तुझी," ती म्हणाली. "तेच तर म्हणून राहिले मी. तू रातच्यान् जेवली न्हाईस, आधी दोन घास खा." "आजी, सल्ला नको." "सल्ला तू द्यायचा न्हाई. मला कुणी बंदी केलीया?" तिला हसू आलं, ते तिनं गिळलं, हसलं की मार्क जातात म्हणे. मग ती गप बसली. आपल्या घरात कुणी गप बसलेलं तू तरी पाहिलंस का? मोबाइलकडं नाही, घड्याळाकडं नाही, नुसती माझ्याकडं बघून राहिली. अशानं माणूस काहीतरी बोलून बसतं. मी आपलं सवयीनं सुरू केलं, "माझ्या मायनं मला शाळेतनं काढलं." ती म्हणाली, "मायनं काढलं." एवढंच. पण माझंच वाक्य तिच्या तोंडून आलं आणि मला त्याची लाज वाटली.

मग सगळं निघालं. अहमदपूरच्या बाजारातनं तू पाटी आणलीस, लाकडी चौकटीची, फुटू नये म्हणून जुन्या लुगड्यात गुंडाळून. तू मला शाळेच्या दारात सोडतेस, वळतेस, आणि मी मागच्या कुंपणातनं बाहेर. तीन दिवस तू नेऊन बसवलंस आणि तीन दिवस मी तुझ्या आधी घरी. चौथ्या दिवशी तू मला कापसाच्या ढिगातनं पायाला धरून ओढून काढलंस. "शिकनार हायेस का न्हाई?" "न्हाई." "मग मर." साऱ्या गल्लीला सांगणाऱ्या बाईकडं माझ्यासाठी तेवढाच एक शब्द उरला होता. त्या संध्याकाळी पाटी ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून गेली. "तुझी शाळा मांजराला अडवायच्या कामी आली," म्हणायचीस. माझं लग्न होईतो ती तिथंच होती.

पोरगी काही बोलली नाही, नियमच तसा. डोळे मात्र भरले, ते नियमात नसावं. मग म्हणाली, "दोन वर्षं, आजी."

"हं," मी म्हणले. तेवढं मलाही शिकायला आलं होतं.

शुक्रवारी लेकानं विचारलं, "सांगितलीस का गोष्ट?" म्हणले, "सांगितली. आता तू बस." त्याला तिरक्या खुर्चीवर बसवलं आणि तुझं माझं सगळं सांगितलं. मास्तर तो, मधे मधे बोलायची खोड. "म्हणजे आजीनं काढलं नव्हतं तुला?" "मी पळाले. पोरगी दोन वर्षं माझ्या खोट्यावर बसली, आता पुरे झालं." त्यानं तिरकी खुर्ची सरळ करून घेतली. मग म्हणाला, "आई, मला गॅरेज टाकायचं होतं. तू हीच गोष्ट सांगून मला मास्तर केलंस."

ते माझ्या ध्यानातच नव्हतं, माय.

शनिवार आला नि गेला, लातूरला कुणी गेलं नाही. लेक अजून फुगून आहे, पण सोमवारी आपण होऊन पोरीला गाडीवर कॉलेजला सोडून आला. पोरगी म्हणते, बाबा रस्ताभर एकदाही तिला मधे तोडून बोलले नाहीत. त्यानं हेल्मेट घातलं होतं, त्यात ऐकू काय येणार, पण ते मी तेव्हा बोलले नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. वही फळीवर राहील, दुधाच्या पातेल्याशेजारी. मांजर इथंही आहे.

मी शाळेतनं का पळाले, हे पोरीनं विचारलं नाही, 'का'ला बंदी. बरं झालं. मास्तर मारत नव्हते, पोरं चिडवत नव्हती. मला नुसता कंटाळा यायचा. एवढं लिहू नको म्हणले होते तिला. आत्ता वाचून दाखवलं, तर लिहिलंय.