स्टेपनी नसलेली गाडी

तीर्थरूप आप्पा,

तुमच्या तापट लेकीचा नमस्कार. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून हे पत्र तुमच्याच लाइनच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय. मी बरी आहे. ओठाला टाके पडलेत, पण जेवता येतं. आईला सांगू नका.

काल वॉर्डात ड्यूटीवर असताना एका पेशंटने, हमाल होता तो, मला मारलं. बिचाऱ्याचा दोष नव्हता. ताप डोक्यात चढला होता, श्वास मिळत नव्हता. त्याने मास्क ओरबाडून काढला, वॉर्डबॉयचं डोकं भिंतीवर आपटलं आणि माझा गळा आवळला. आम्ही त्याला खाटेला बांधलं. बांधलेला असतानाच तो गेला.

त्याच्या बायकोलाही हाच ताप आला होता. ती खोकत खोकत, पण स्वतःच्या पायांनी त्याला न्यायला आली.

असं कसं, म्हणून मी डॉक्टरीणबाईंवर ओरडलेच. त्या म्हणाल्या, रोगाशी लढणारी बरीच जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बायकांकडे दोन एक्स, एकात बिघाड असला तर दुसरा कामाला येतो; पुरुषांकडे एकच. वर पुरुषी हार्मोन प्रतिकारशक्ती जरा दाबतं. सगळेच दगावत नाहीत, पण धोका पुरुषांना जास्त.

म्हणजे आप्पा, तुमच्याकडे स्टेपनीच नाही.

आई सांगत होती, तिचा ताप उतरला आणि तुमचा चढलाय, तरी ट्रक काढताय. "ती बाई असून उठली, मग मी पडून राहू?" म्हणालात ना? अहो, ती बाई आहे म्हणूनच उठली!

स्टेपनीशिवाय तुम्ही कधी फाटकाबाहेर गेला नाहीत. किल्ली आईकडे द्या आणि दवाखान्यात जा. नाहीतर मी येईन, बांधायच्या पट्ट्या घेऊन. गाठ मला आता घट्ट मारता येते.

तुमचीच,
थोरली