ज्याला ठाऊक आहे तो येतो

लेस्कोवात्स, ८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आपल्या घरात शेवटचं पत्र कोणी लिहिलं होतं, आठवत नाही. बहुतेक तू सैन्यात असताना आईने तुला लिहिलं असेल. तेव्हा माझ्या अक्षराला हसू नकोस. तू बरा असशील. लिंट्समध्ये एव्हाना थंडी पडली असेल, गुडघे सांभाळ. फरशा बसवणाऱ्याचे गुडघे चाळिशीतच म्हातारे होतात, असं बाबा म्हणतात. मी हे पत्र लिहितोय ते त्यांना ठाऊक नाही, पण गुडघ्यांचं ते खरंच म्हणतात.

खोक्यात ऐवारच्या, आपल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या आहेत. यंदा लाल मिरच्या महाग होत्या आणि भाजायला बाबा चुलीपाशी उभे राहिले नाहीत. खुर्चीत बसून मला शिव्या घालत होते, म्हणून थोडा करपलाय. वरचा काळा थर काढून टाक, खाली चांगला आहे. बसचा ड्रायव्हर द्रागिशा खोक्याचं भाडं घेत नाही, एक बरणी घेतो. कमी भरली तर त्याला विचार, मला नको.

आता थोडं भांडतो. सप्टेंबरात तो फुटबॉलचा नवा गेम आला आणि तू लगेच घेतलास. घेतलास तर घेतलास, पण जुनी डिस्क विकायची काय घाई होती? जुन्यावाला नव्यावाल्याशी खेळू शकत नाही, हे तुला माहीत नव्हतं थोडंच. मी म्हटलं तर म्हणालास, "घे की तू पण. कितीसा महाग आहे?" दादा, तुझ्यासाठी ती एका दिवसाची मजुरी. मी दिवसभर कारखान्यात जर्मनीतल्या नव्या कोऱ्या गाड्यांच्या तारा बांधतो, तरी तो गेम घ्यायचा तर आठवड्याच्या जेवणाला कात्री लावावी लागते. आणि घेऊन काय मिळतं? तेच मैदान, तेच खेळाडू, त्यांच्या केसांची वळणं तेवढी बदललेली. दुकानातला पोरगा म्हणतो, "थांबा, नव्या वर्षात उतरेल." गेल्या वर्षीही तेच म्हणाला होता. उतरला, पण तोवर पुढचा यायची वेळ झाली होती.

तू म्हणालास मी पाठवतो, मी नको म्हटलं. तुला राग आला. येऊ दे. आपण तिघेही एकाच माळेचे मणी, घ्यायचं म्हटलं की सगळ्यांचे हात आखडतात.

गाडीचं विचारलं होतंस. लाल गाडी आहे तशीच आहे. सायलेन्सर कारखान्यातल्या तारेने बांधलाय, जर्मन तार, पक्की आहे. तपासणीला गॅरेजवाल्या सिनिशाचे टायर उसने लावून नेली, शिक्का मारून आणली आणि संध्याकाळी त्याचे टायर त्याला परत दिले. कागदावर गाडी ठणठणीत आहे. क्लच मात्र उन्हाळ्यापासून घसरत होता. सिनिशाने खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "बोयान, हिला मेकॅनिक नको, पाद्री बोलाव."

"किती जाईल?"

"क्लचचे की दफनाचे?"

त्याने आकडा सांगितला. नाकापेक्षा मोती जड. गाडी विकली तर तेवढे आले नसते. मी म्हटलं, पुढच्या पगाराला बघू. पुढच्या पगारालाही तेच म्हटलं.

तुला वाटेल, एवढं काय गाडीचं अडलंय, बस आहे की. तेच तर लिहायचं आहे आणि मी मिरच्यांवर आणि टायरांवर शाई घालवतोय.

रविवार.

काल इथेच थांबलो. बाबा स्वयंपाकघरात आले, मी कागद पावाखाली सरकवला. त्यांनी बघितलं आणि काही विचारलं नाही. एरवी ते माझ्या खिशातल्या पावत्याही वाचतात.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. आपण दर रविवारी दुपारी नेटवरून खेळायचो तेव्हा मी कानाला काही लावत नसे. तुझा आवाज टीव्हीतून खोलीभर यायचा. कारण मागे कोचावर बाबा बसायचे, हातात वर्तमानपत्र घेऊन. पानं उलटायचे नाहीत. तू मला म्हणायचास, "अरे गाढवा, डावीकडे दे, डावीकडे," आणि ते मागे नाकातून हसायचे. तू तुझ्या मुकादमाची नक्कल करायचास, तेव्हा खोकल्याचं निमित्त करून त्यांना उठावं लागायचं. खेळ संपला की विचारायचे, "कोण जिंकलं?" जसं काही ऐकलंच नव्हतं. मी म्हणायचो, दादा. मग म्हणायचे, "त्याला लहानपणापासून जिंकल्याशिवाय जेवण जात नाही."

फोनवर तू विचारतोस सगळं ठीक ना, मी म्हणतो ठीक, आणि संपतं. खेळताना हात गुंतलेले असतात म्हणून तुझी जीभ सुटते. बाबांच्या वाट्याला तुझं तेवढंच येत होतं. सप्टेंबरपासून तेही बंद झालं. म्हणून मी त्या किमतीवर इतका चिडलो. खेळायची हौस माझी कधीच फिटली आहे.

तो खोकला निमित्ताचा नव्हता, दादा. वसंतापासून होता. मेमध्ये रक्त पडलं. नीशच्या हॉस्पिटलात फोटो काढला, उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली. बाबांनी मला आईच्या फोटोपुढे उभं करून शपथ घातली की तुला कळवायचं नाही. "दयेपोटी आलेला मुलगा मला नको." मी शपथ घेतली. आज ती मोडतोय. आई समजून घेईल.

उपचाराची तारीख मिळवायला सगळा उन्हाळा गेला. सप्टेंबरअखेरची मिळाली. पगार झाला आणि मी क्लचसाठी पैसे बाजूला काढले. ते कपाटात बशीखाली ठेवताना बाबांनी बघितलं.

"ते कशाचे?"

"क्लचचे. तुम्हाला नीशला न्यायचंय ना."

"गाडी राहू दे. तो गेम घे."

मला इतका संताप आला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला थट्टा सुचतेय?"

"थट्टा नाही करत. तिकडे जाऊन ते मला काय नवं सांगणार आहेत? गेम घे, म्हणजे रविवारी घरात जरा आवाज असेल."

मी गेम घेतला नाही. आणि क्लचही बसवला नाही, दादा. दोन्ही हवं होतं आणि एकालाच पुरत होतं, म्हणून एकही केलं नाही. मनात हिशेब असा, की गाडी नीशपर्यंत एवढी एक खेप काढेल, मग पुढच्या पगारात क्लच, आणि गेम तोवर स्वस्त होईल. आपल्याकडे सगळे असेच जगतात. एवढी एक खेप काढेल.

नाही काढली. नीशच्या अलीकडे चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. बाबा खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. अंगात पांढरा शर्ट होता, हॉस्पिटलसाठी इस्त्री केलेला. मी हात करत राहिलो, ट्रक वाऱ्यासारखे जात होते. बाबा म्हणाले, "बघ, माझ्यापेक्षा हीच शहाणी. तिला जायचंच नव्हतं." आणि हसले. खूप वेळाने एक भाजीवाला थांबला. आम्ही पोचलो तेव्हा खिडकीतल्या बाईने यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सकाळची वेळ होती काका. आता पुढची तारीख." पुढची तारीख म्हणजे दीड महिन्यानंतरची.

ती परवा होती. बसने गेलो. बाबा खिडकीपाशी बसले आणि सगळा रस्ता झोपले. डॉक्टरने नवा फोटो बघितला, बाबांना कपडे घालायला आत पाठवलं आणि मला व्हरांड्यात आणून म्हणाला, आता इथवर आणू नका, त्रास होईल. त्यांना आवडेल ते खायला घाला. मी विचारलं, तेव्हा वेळेवर आलो असतो तर? तो म्हणाला, तरी फार फरक पडला नसता. चांगला माणूस आहे. असं म्हणायला त्यांना शिकवत असतील. मी त्याच्यावर विश्वास ठेवायचा खूप प्रयत्न करतोय आणि होत नाही. कारखान्यात तार हातात घेतली की मला तो चढ दिसतो. माझ्यात काही उरलेलं नाही, दादा. सकाळी उठतो ते फक्त त्यांचा चहा करायचा असतो म्हणून.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, आता यायची गरज नाही."

"मग बरं झालं क्लचवर पैसे घातले नाहीस."

बसस्टँडवर त्यांनी मला भाजलेलं मांस आणि पाव घेऊन दिला, लहानपणी देत तसा. स्वतः खाल्लं नाही, मला खाताना बघत राहिले.

आज दुपारी ते आपल्या जागी कोचावर येऊन बसले. वर्तमानपत्र घेतलं. मी काय समजायचं ते समजलो आणि जुना गेम लावला, मशीनविरुद्ध. थोड्या वेळाने म्हणाले, "तो आज नाही?"

"त्याच्याकडे नवा आहे, बाबा. सांगितलं होतं ना."

"हो, सांगितलं होतंस."

खेळाडू नुसते धावत होते. प्रेक्षकांचा तो खोटा गलबला चालू होता. मी म्हटलं, "फोन लावू दादाला?"

ते एकदम ताठ झाले. "नको. स्लावाचा सण जवळ आलाय. त्याला वाटेल मी बोलावतोय."

तुम्हा दोघांचं हे चार वर्षं चाललंय. तू पहिल्या वर्षी स्लावाला कामामुळे आला नाहीस. दुसऱ्या वर्षी मला म्हणालास, मला कोणी बोलावलं नाही. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात. घरच्या संताच्या दिवसाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला ठाऊक आहे तो येतो. त्याला घर ठाऊक नाही का?" दोघांचंही बरोबर आहे. बरोबर असून दोघं मेलात तरी हटणार नाही. दर वर्षी टेबलावर तुझं ताट मांडतात आणि कोणी विचारलं तर म्हणतात, अनाहूत पाहुण्याचं आहे. स्लावाचा पाव मी आणि ते दोघे धरून फिरवतो, आणि तो घरच्या सगळ्या पुरुषांनी मिळून फिरवायचा असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गेल्या वर्षी फिरवताना त्यांचा हात तुझ्या बाजूची कड धरायला गेला आणि मग मागे आला.

आता मी काय करणार आहे ते ऐक. आपल्या आजोबांच्या आजोबांपासून कोणी केलं नसेल असं करतोय. प्रेद्राग, तिहोमिरच्या मुला, तुला मी, तुझा धाकटा भाऊ बोयान, एकवीस नोव्हेंबरला आपल्या घरच्या स्लावाला बोलावतो. रीत मोडली तर मोडली, पाप माझ्या डोक्यावर. बाबांना कळता कामा नये. तू त्यांना म्हण की मला ठाऊक होतं म्हणून आलो. एवढं एक खोटं बोल.

गेम आणू नकोस. पैसे पाठवू नकोस, पैशांनी आता काही करता येत नाही. तू ये आणि कोचावर त्यांच्या शेजारी बसून मला गाढव म्हण.

बशीखालचे पैसे तसेच होते. काल सिनिशाकडे गेलो, चढावरून ओढून आणल्यापासून गाडी त्याच्याकडेच आहे. पैसे ठेवले आणि म्हटलं, बसव क्लच. तो म्हणाला, "आता? आता कुठे जायचंय?" त्याला सगळं ठाऊक आहे. मी सांगितलं, नीशच्या स्टँडवर. त्याने अर्धे पैसे परत सरकवले आणि जॅक आणायला गेला.

तुझी बस वीस तारखेला सकाळी नीशला येते, द्रागिशाला विचारून घेतलंय. मी स्टँडबाहेर लाल गाडीत असेन. तू उतरला नाहीस तर बस रिकामी होईपर्यंत थांबेन आणि त्याच चढावरून परत येईन. बाबांना सांगून निघणार आहे, की नवा क्लच नीट बसलाय का, ते जरा बघून येतो.

तुला बोलावणारा,
बोयान