कोपऱ्यातल्या झाडावरचा करपा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि गच्चीवरचे टोमॅटो हे तिन्ही बरे असतील अशी आशा करते. (पहिल्या दोहोंबद्दलची आशा अगदी मनापासून आहे.) मी ठीक आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोन उचलल्यावर तुम्ही "हं, मामीशी बोल" म्हणता, आणि मामींशी बोललं की मूळ मुद्दा राहून जातो. काळजीचं काही नाही. हे वाक्य एकदा खोडून परत लिहिलं आहे.

तू नक्की करतेस काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत, तेव्हा मी "बुरशीवर काम" एवढंच म्हणाले होते. आता नीट सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. टोमॅटोवर करपा आणणाऱ्या बुरशीच्या पेशीत जनुकांचा लांबलचक धागा असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि पेशी या रिळांना मिथाइलच्या बारीक खुणा लावते. काही खुणांचा अर्थ 'इथलं उघडून वाचा', काहींचा 'इथे हात लावू नका'. धागा तोच, पण खुणा बदलल्या की बुरशीची वागणूक बदलते. वाढ मंदावते, किंवा पानात शिरायची हत्यारंच ती बनवत नाही. (तुमच्या स्वयंपाकघरासारखंच. सामान सगळं आहे, पण कुठला डबा उघडायचा हे मामींना विचारावं लागतं.) मी यातली एक खूण लावणारं जनुक बुरशीतून काढून टाकलं. ती प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत रडतखडत वाढली आणि पानावर सोडली तर तिने काहीच केलं नाही. पान हिरवंगार. आमच्या मार्गदर्शक बाई एरवी कशानेच खूश होत नाहीत, पण यावर इतक्या खूश झाल्या की माझं काम तपासणाऱ्या बुधवारच्या समितीसाठी सारांश त्यांनी स्वतःच लिहून पाठवला. त्याचा अर्थ थोडक्यात असा, की खूण गेली आणि रोग गेला.

आता, अशी बुरशी तपासताना शेजारच्या झाडावर जनुक न काढलेली, धडधाकट मूळ बुरशीही सोडायची असते. झाडं कमी होती, आणि मूळ बुरशी पानांचं काय करते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही तिच्या जुन्या फोटोंवर भागवलं. गेल्या आठवड्यात हरितगृहात नवी झाडं आली, तेव्हा केवळ रीत म्हणून मी तिलाही पानांवर सोडलं. पान हिरवंगार. ते पान पाहून इतर कुणालाही बरं वाटलं असतं. मी मात्र त्यावर डाग शोधत बसले, कारण मूळ बुरशीने ते करपवायला हवं होतं.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारा सीनियर (त्याचं स्वतःचं काम कधीच बिघडत नाही, कारण तो ते सुरूच करत नाही) बशी उजेडाकडे धरून म्हणाला, "इतकी वर्षं बटाट्याचा अर्क आणि साखर आयती गिळतेय, आता कशाला पानं फोडायला जाईल? तुझी बुरशी घरजावई झालीय." मी म्हटलं, "मग आता?" तर म्हणे, "आता काय, जावयाला कामाला जा म्हणून बघ." हीच बुरशी सुरुवातीला फ्रीजरमध्ये जपून ठेवली होती, ती जुनी कुपी काढून पाहिली. आतली बुरशी मेलेली निघाली. थोडक्यात, ज्या पहिलवानाचे हात बांधून मी "बघा, हरला" म्हणत होते, तो आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला होता. रोग माझ्यामुळे थांबला की खाऊनपिऊन सुस्तावल्यामुळे, हे मला आज सांगता येत नाही. आणि बुधवारी सांगायचं आहे.

बाईंना अजून बोलले नाही. त्यांच्या दारापर्यंत गेले, त्यांनी मान वर केली, आणि मी स्टेपलर मागितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आता माझ्या टेबलावर दोन स्टेपलर आहेत.

एक शक्यता मात्र आहे. सुस्तावलेल्या बुरशीची जनुकं बहुधा जशीच्या तशी आहेत, फक्त त्यांवरच्या खुणा बदलल्या असाव्यात. तसं असेल तर हा घोळ म्हणजेच माझा विषय. पण 'बहुधा' हा शब्द समितीपुढे चालत नाही. तिचा रानटी, बशीतलं आयतं न खाल्लेला भाऊबंद शेजारी ठेवून दाखवावा लागेल, आणि ही मूळ बुरशी कुठली, ते तुम्हाला माहीत आहे. गच्चीवरचं ते डागाळलेलं पान तुम्हीच रुमालात बांधून दिलं होतंत. त्यानंतर नेमाने औषध मारायला मी शिकवलं आणि तुम्ही ते असं मनावर घेतलंत, की तिथे आजवर डाग म्हणून दिसला नाही. इतकं कुणी माझं ऐकत नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची

ता. क. काल मामींचा फोन आला होता. म्हणाल्या, "अगं, त्या कोपऱ्यातल्या झाडावर डागच डाग! ह्यांचं जेवणात लक्ष नाही." मी "अरे वा!" म्हणाले. मामींनी लगेच माझ्या तब्येतीची चौकशी केली. तुम्ही रविवारी औषध मारणार आहात असं कळलं. मामा, मारू नका. पानंही खुडू नका. त्याला आजारी राहू द्या.

ता. क. २. ते झाड वाचेल असं मी म्हणत नाही. बाकीच्या कुंड्या लांब हलवा, मी हात लावीन. शिवाय डाग दुसऱ्याच कुठल्या बुरशीचे निघाले, तर ते झाड फुकट जाईल. तेही आत्ताच सांगून ठेवते.

ता. क. ३. टपालाने हे रविवारच्या आत पोचलं नसतं, म्हणून मीच घेऊन आले आहे. समोर आले असते तर तुम्ही "काम कसं चाललंय?" विचारलं असतंत, मी "छान" म्हटलं असतं आणि चहा पिऊन परत गेले असते. म्हणून पत्र मामींच्या हाती वर पाठवते आणि मी गच्चीच्या जिन्यात थांबते. वरून औषधाच्या पंपात हवा भरल्याचा आवाज येतोय. मामा, आज शनिवार आहे.